उतारावर चाक का टिकते?

मोताळ्याहून बुलढाण्याला एस.टी.ने निघालात की वाटेत राजूरचा घाट लागतो. गाडीचा आवाज बदलतो, वेग मंदावतो, उभे असलेले उतारू वरची दांडी घट्ट धरतात. हा रस्ता किती अंशांनी तिरका असेल, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? पुष्कळ जण तीस अंश म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात डोंगराळ भागातला रस्ता आखताना साधारणपणे वीस मीटर अंतराला एक मीटर, फार तर सोळा-सतरा मीटर अंतराला एक मीटर एवढाच चढ ठेवावा, असा संकेत आहे. म्हणजे कोन होतो जेमतेम तीन ते साडेतीन अंशांचा!

आता दुसरा एक उतार पाहा. काँक्रीटचे अस्तर केलेल्या कालव्याची बाजू तुम्ही पाहिली असेल. अशा पुष्कळ कालव्यांच्या बाजू 'दीडास एक' या प्रमाणात बांधतात. दीड मीटर आडवे गेले की एक मीटर उंची वाढते. हा कोन सुमारे ३४ अंशांचा, म्हणजे घाटरस्त्याच्या दहापट भरतो.

अशाच तिरक्या, पण कोरड्या काँक्रीटच्या नाल्यांत चार लहान चाकांच्या फळीवर उभे राहून इकडून तिकडे सरसर वळणे घेणारी मुले-मुली जगात आहेत. ती घसरून का पडत नाहीत? आणि तशाच भिंतीच्या भरलेल्या कालव्यात पडलेला, चांगला पोहणारा माणूससुद्धा वर का चढू शकत नाही? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच हिशेबात आहे. तो हिशेब घर्षणाचा. आज आपण तोच करून पाहू.

जमिनीवरची लाट

समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन स्वार होण्याचा खेळ अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फार लोकप्रिय आहे. लाटा नसतील त्या दिवशी काय करायचे? १९५० च्या सुमारास तेथील काही मुलांनी रोलर स्केटची चाके लाकडी फळीला ठोकली आणि रस्त्यावरच 'लाट' शोधायला सुरुवात केली. हाच स्केटबोर्ड.

१९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात मोठा दुष्काळ पडला. घरोघरचे पोहण्याचे तलाव रिकामे झाले. या तलावांच्या कडा गोलाकार होत्या. मुलांनी फळ्या घेऊन त्यांत उतरून पाहिले, तेव्हा समुद्राच्या लाटेसारखीच वळणे सिमेंटच्या भिंतीवर घेता येतात असे त्यांना आढळले. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहरात डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी काँक्रीटचे रुंद नाले बांधलेले आहेत. वर्षातील बहुतेक दिवस ते कोरडे असतात. तेथेही हा खेळ पोहोचला.

पुढे १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातच 'सर्फस्केट' नावाची फळी निघाली. साध्या स्केटबोर्डच्या दोन्ही आसांच्या चौकटी, ज्यांना खेळाडू 'ट्रक' म्हणतात, त्या फळी कलली की थोड्याशाच वळतात. सर्फस्केटचा पुढचा ट्रक मात्र एका खिळीवर बराच मोठा फिरतो. त्यामुळे अगदी लहान जागेत वळता येते आणि पाय जमिनीला न लावताही वेग मिळवता येतो. झोक्यावर उभे राहून तुम्ही नेमक्या वेळी गुडघे वाकवता आणि ताठ करता, तेव्हा कोणी न ढकलताही झोका चढत जातो. येथेही स्नायूंतील ऊर्जाच अंग वळवून आणि गुडघे वाकवून गतीत बदलली जाते.

आपल्या देशातही हा खेळ आता नवा राहिलेला नाही. मध्य प्रदेशात पन्नाजवळ जनवार नावाचे खेडे आहे. तेथे २०१५ मध्ये मुलांसाठी काँक्रीटचे स्केटबोर्डचे मैदान तयार झाले. 'शाळा नाही तर फळी नाही' आणि 'आधी मुलींची पाळी' हे तेथील दोन नियम प्रसिद्ध आहेत. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डला प्रथमच स्थान मिळाले आणि जपानच्या मोमिजी निशिया या अवघ्या तेरा वर्षांच्या मुलीने सुवर्णपदक जिंकले. २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांतही हा खेळ होता.

चाकाला एक दिशा मोकळी, एक दिशा बंद

आता एक खेळण्यातली मोटार घ्या. मोटार जरा बुटकी, सहज न उलथणारी असावी. एका फळीचे एक टोक उचलून तिचा उतार करा. मोटारीचे तोंड उताराकडे करून ती फळीवर ठेवा. ती लगेच पळत सुटेल. आता तीच मोटार त्याच उतारावर आडवी ठेवा, म्हणजे तिचे तोंड तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताकडे येईल. ती जागची हलणार नाही.

चाके तीच, उतारही तोच. मग फरक कशाने पडला? चाक आपल्या आसाभोवती फिरू शकते, म्हणून पुढे-मागे जाण्याची वाट त्याला मोकळी असते. पण आसाच्या दिशेने, म्हणजे बाजूला जायचे तर त्याला फिरता येत नाही, घासतच जावे लागते. तेथे घर्षण त्याला अडवते. खेळाडू चाकांच्या 'पकडी'बद्दल बोलतो ती पकड हीच, बाजूची. नाल्याच्या भिंतीवर आडवा जाणारा स्वार या पकडीच्या भरवशावर असतो.

ही पकड केव्हा अपुरी पडते? उतारावरच्या वस्तूच्या वजनाचे आपण मनाने दोन भाग पाडू. एक भाग वस्तूला पृष्ठभागावर दाबतो, दुसरा तिला उताराच्या दिशेने खाली ओढतो. उतार वाढवत नेला की दाबणारा भाग कमी होतो आणि ओढणारा भाग वाढतो. घर्षणाची ताकद दाबावर अवलंबून असते. म्हणजे उतार वाढला की संकट दोन्ही बाजूंनी येते. ओढ वाढते आणि ती अडवणारा पहारेकरी त्याच वेळी दुबळा होतो.

ओढणारा भाग भागिले दाबणारा भाग हे प्रमाण काढले, तर ते उताराच्या उंची भागिले पाया एवढेच येते. आपण याला 'उताराची मागणी' म्हणू. घाटरस्त्याची मागणी ०.०५ ते ०.०६. दीडास एक उताराच्या भिंतीची मागणी १ भागिले १.५, म्हणजे सुमारे ०.६७. पंचेचाळीस अंशांच्या भिंतीची मागणी बरोबर १.

ही मागणी पुरवणारा आकडा म्हणजे दोन पृष्ठभागांमधला घर्षण गुणांक. कोरड्या काँक्रीटवर रबरासारख्या पदार्थांचा गुणांक साधारणपणे ०.६ ते ०.९ च्या आसपास असतो. आपण आपल्या हिशेबासाठी ०.८ धरू. पुरवठा ०.८ आणि मागणी ०.६७, म्हणजे चाक टिकते, पण शिल्लक थोडीच राहते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. या हिशेबात स्वाराचे वजन कोठेच आले नाही! तीस किलोचा मुलगा आणि सत्तर किलोचा बाप्या, दोघांना उतार सारखाच प्रश्न विचारतो.

घरी मोजून पाहा

घर्षण गुणांक मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक गुळगुळीत फळी, मोजपट्टी, खोडरबर, एक नाणे आणि लाकडाचा लहान ठोकळा एवढे साहित्य पुरे.

फळी सपाट ठेवून तिच्यावर खोडरबर ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. खोडरबर घसरू लागताच हात थांबवा. वर गेलेल्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा. त्या टोकाच्या बरोबर खालच्या जागेपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचे आडवे अंतर मोजा. उंचीला या अंतराने भागा. आलेला आकडा म्हणजे खोडरबर आणि फळी यांच्यातला घर्षण गुणांक. हाच प्रयोग नाणे आणि ठोकळा घेऊन करा. प्रत्येक वस्तूसाठी पाच वेळा मोजा आणि सरासरी काढा.

आता फळीवर थोडा रवा भुरभुरा आणि पुन्हा मोजा. रवा झाडून मोहरीचे दाणे पसरा आणि मोजा. शेवटी फळी साबणाच्या पाण्याने ओली करून मोजा. प्रत्येक वेळचे आकडे तक्त्यात लिहा. खोडरबर तेच आणि फळीही तीच, तरी आकडे बदलत गेलेले दिसतील. यातून एक मोठी गोष्ट शिकायला मिळते. पकड ही एकट्या चाकाची किंवा एकट्या जमिनीची मालमत्ता नसते. ती त्या दोघांमधला व्यवहार असते आणि मध्ये तिसरे कोणी शिरले की व्यवहार बिघडतो.

आणखी एक निरीक्षण करा. खोडरबर एकदा सुटले की मध्येच थांबत नाही, थेट खालपर्यंत जाते. वस्तू स्थिर असतानाचे घर्षण ती घसरू लागल्यावरच्या घर्षणापेक्षा सहसा जास्त असते. म्हणून पकड हळूहळू सुटत नाही, ती एकदम सुटते. पडलेल्या स्वाराला 'कसा पडलो ते कळलेच नाही' असे वाटते, त्याचे कारण हेच.

लोखंडी धाव ते पॉलियुरेथेन

जुन्या बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव बसवलेली असते. मऊ मातीच्या वाटेवर ती चांगली चालते, पण डांबरी उतारावर खडखडते आणि घसरते. रबरी टायरच्या गाड्या आल्यावर बैलांचेही श्रम हलके झाले. स्केटबोर्डच्या चाकांचा इतिहास असाच आहे. पहिली चाके लोखंडाची होती. त्यानंतर मातीच्या मिश्रणाची कडक चाके आली. ती रस्त्यावरच्या लहानशा खड्यालाही अडकत आणि वळणावर दगा देत.

१९३७ मध्ये जर्मनीतील ऑटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन हा पदार्थ तयार केला होता. गादीतला फोम, बुटांचे तळवे, यंत्रांचे भाग अशा कितीतरी ठिकाणी आज तो सापडतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या अमेरिकन तरुणाने त्याची चाके स्केटबोर्डला बसवून विकायला काढली. खेळाचे रूपच पालटले, कारण पूर्वी ज्या उतारावर जाणे वेडेपणाचे होते, तेथे चाक धरू लागले.

हे कसे घडले? काँक्रीटचा पृष्ठभाग भिंगातून पाहा. तो म्हणजे उंचसखल टेकड्यांचा प्रदेशच दिसेल. कडक चाक या टेकड्यांच्या फक्त शेंड्यांवर टेकते. मऊ चाक भाराखाली किंचित दबते, दऱ्यांत शिरते आणि कितीतरी अधिक ठिकाणी काँक्रीटला भिडते. घसरायचे झाले तर त्याला प्रत्येक टेकडीवरून आपले अंग दाबत आणि सोडत जावे लागते आणि त्यात ऊर्जा खर्च होते. शिवाय अगदी जवळ आलेल्या रेणूंमध्ये आकर्षण असते, तेही अडवते. पाठ्यपुस्तकात घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते असा नियम तुम्ही वाचता. धातू आणि लाकूड यांना तो बऱ्यापैकी लागू पडतो. रबर आणि पॉलियुरेथेन यांसारखे लवचीक पदार्थ मात्र तो काटेकोरपणे पाळत नाहीत.

चाकांचा मऊपणा मोजण्यासाठी 'शोअर ए' नावाचे माप वापरतात. एक बोथट सुई ठरावीक जोराने पदार्थात दाबायची आणि ती किती आत गेली ते पाहायचे. आकडा लहान असेल तर चाक मऊ. खडबडीत काँक्रीटवर वळणे घेणारे स्वार साधारण ७५ ते ८५ या आकड्यांमधली चाके पसंत करतात. गुळगुळीत मैदानावर कसरती करणारे शंभराच्या आसपासची कडक चाके घेतात, कारण त्यांना चाक हवे तेव्हा मुद्दाम घसरवायचे असते. मग सर्वांत मऊ चाकच का घेऊ नये? कारण तेच दबणे-सुटणे सरळ जातानाही चालू असते. फार मऊ चाक वेग खाते, लवकर झिजते आणि भाराखाली फुगते. पकड फुकट मिळत नाही, हे निसर्गाचे जुने धोरण आहे!

वळणाची गंमत

आतापर्यंत आपण स्वार भिंतीवर हळू आणि आडवा जातो असे मानले. पण खरी मजा वळणात आहे. दोरीला बांधलेला दगड गोल फिरवताना दोरी त्याला सतत आत ओढते. या आतल्या ओढीला अभिकेंद्री बल म्हणतात. वळणाऱ्या स्वारालाही ते लागते. वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने भागले की त्यासाठी लागणारे त्वरण मिळते.

समजा, नाल्याची भिंत तीस अंशांची आहे. गुरुत्वत्वरण ९.८ धरले तर स्वाराला उताराच्या दिशेने खाली ओढणारा भाग त्याच्या निम्मा, म्हणजे ४.९ येतो. स्वार भिंतीवर चढतो, वरच्या कडेजवळ दोन मीटर त्रिज्येचे वळण घेतो आणि पुन्हा खाली येतो. वळणाच्या माथ्यावर असताना वर्तुळाचा मध्य त्याच्या खालच्या बाजूला असतो. म्हणजे त्याला आत, अर्थात खाली ओढणारे बल हवेच आहे आणि गुरुत्वाकर्षण नेमके तेच पुरवते! वेग सेकंदाला ३.१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटर असेल, तर वेगाचा वर्ग भागिले दोन जवळजवळ ४.९ येतो. त्या क्षणी चाकांच्या बाजूच्या पकडीची गरज जवळजवळ शून्य होते. हळू जाणाऱ्याला ज्या भिंतीवर ०.५८ एवढी पकड लागते, तेथेच योग्य वेगाने वळणाऱ्याला ती जवळजवळ लागतच नाही.

आता उलटे पाहू. तोच स्वार, तोच वेग, तीच त्रिज्या. पण या वेळी तो भिंतीवरच खालून वळून वर जातो. आता वर्तुळाचा मध्य वरच्या बाजूला आला. गुरुत्वाकर्षण खाली ओढते आणि वळण मागते वरची ओढ. चाकांना दोन्ही हिशेब चुकते करावे लागतात. ४.९ आणि ४.९ मिळून ९.८ झाले आणि दाबणारा भाग आहे साडेआठ. मागणी १.१५ एवढी होते आणि आपल्या चाकाचा पुरवठा ०.८ चाच. स्वार घसरणार! म्हणून जाणते स्वार खालचे वळण नाल्याच्या सपाट तळावर घेतात आणि तेही मोठे घेतात. सपाट जागी त्याच वेगाला आणि त्रिज्येला मागणी फक्त ०.५ असते.

नाल्याची भिंत तळाशी गोलाकार असेल तर आणखी एक मदत मिळते. खोलगट भागातून जाताना वेगामुळे स्वार पृष्ठभागावर अधिक जोराने दाबला जातो आणि दाब वाढला की पकड वाढते. जत्रेत 'मौत का कुआँ' तुम्ही पाहिला असेल. मोटारसायकल उभ्या भिंतीवर फिरते, तेव्हा तिला भिंतीवर दाबायला वजनाचा काहीच उपयोग नसतो. सगळा दाब वळणाच्या वेगातून येतो. विहिरीची त्रिज्या पाच मीटर आणि घर्षण गुणांक ०.७ धरला, तर किमान वेग ताशी सुमारे ३० किलोमीटर लागतो. त्याच्या खाली गेल्यास दाब कमी पडतो आणि गाडी घसरते. तो खेळ वर्षानुवर्षांच्या सरावाचा आहे, आपण त्याचा फक्त हिशेब करावा हे बरे!

वाळूचे चार कण

अनुभवी स्वार नाल्यात उतरण्यापूर्वी फळीआधी झाडू बाहेर काढतो. तुमच्या मोहरीच्या प्रयोगात याचे कारण दडले आहे. वाळूचा कण चाक आणि काँक्रीट यांच्यामध्ये आला की घासण्याऐवजी गडगडणे सुरू होते. सायकलच्या आसात छर्रे जे काम करतात, तेच काम येथे वाळू करते. तेथे ते हवे असते, येथे ते घातक ठरते.

पाण्याचा थरही असाच मध्ये शिरतो. मोटारीच्या टायरवर खाचा असतात, त्यांतून पाणी बाहेर जाते. स्केटबोर्डचे चाक गुळगुळीत असते, पाण्याला वाट नाही. म्हणून ओल्या जमिनीवर कोणी स्केट करत नाही. आणि ओल्या काँक्रीटवर शेवाळ धरले असेल, तर पकड जवळपास उरतच नाही.

येथे आपण दुसऱ्या प्रश्नाशी येऊन पोहोचलो.

तीच भिंत, पण भरलेली

मोताळा तालुक्याला कालव्याचे पाणी परके नाही. नळगंगा धरण याच तालुक्यात आहे. गोसीखुर्द धरणातून पाणी घेऊन सुमारे ४२६ किलोमीटर लांबीच्या जोडकालव्याने ते नळगंगेपर्यंत आणण्याच्या वैनगंगा-नळगंगा प्रकल्पाला महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. पाणी आले की शेती फुलते. पण कालव्याच्या काठी राहणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याच्या भिंतीचे भौतिकशास्त्र माहीत असायलाच हवे.

कालव्यात पडलेला माणूस काठापासून अवघ्या दोन हातांवर असतो आणि तरीही बाहेर येऊ शकत नाही. असे का होते? पहिले कारण दाबाचे. गळ्यापर्यंत पाण्यात असलेल्या माणसाचे बहुतेक वजन पाणी उचलून धरते. पायांवर फार थोडा भार येतो. पाय भिंतीला टेकतात, पण दाबत नाहीत. दाब नाही म्हणून घर्षण नाही. प्रवाहाचा जोर मात्र पुरेपूर असतो आणि तो माणसाला पुढे नेत राहतो.

दुसरे कारण उताराच्या मागणीचे. समजा, त्याने धडपडून अंग पाण्याबाहेर काढले. आता त्याचे सगळे वजन परत आले आणि भिंत पुन्हा ०.६७ मागू लागली. कोरड्या भिंतीवर अनवाणी पाय कदाचित तेवढी पकड देऊ शकला असता. पाण्याच्या रेषेजवळ मात्र भिंत ओली आणि शेवाळलेली असते. पुरवठा मागणीच्या खूप खाली जातो आणि माणूस परत पाण्यात येतो. प्रत्येक प्रयत्नात दम जातो, भिंत मात्र थकत नाही. पोहता येणे आणि कालव्यातून बाहेर येता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून कोणी पडलेला दिसला तर मागोमाग उडी घेऊ नका. भिंतीची मागणी तुमच्यासाठीही तेवढीच आहे. आरडाओरडा करून मोठ्या माणसांना बोलवा आणि ११२ क्रमांकावर फोन करायला सांगा. दोर, बैलाचे दावे, लुगडे, लांब बांबू, जे हाताशी असेल ते टाका. झाकण लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन दोराला बांधून टाकला तर तो तरंगतो आणि धरायलाही सापडतो.

दोराने किती काम होते याचा हिशेब करू. पन्नास किलोच्या माणसाला या भिंतीवरून ओढायचे आहे आणि भिंतीचे घर्षण मुळीच नाही असे धरू. तरीही लागणारा जोर सुमारे २८ किलोग्रॅम भाराएवढाच आहे. सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून थोडा जास्त! दोन धडधाकट माणसे तो सहज लावू शकतात. जो जोर शेवाळ द्यायला तयार नाही, तो दोर देतो. मात्र ओढणाऱ्याने कालव्याच्या उतारावर पाय ठेवायचा नाही. काठापासून मागे, कोरड्या सपाट जमिनीवर बसून, टाचा रोवून ओढायचे. जवळ झाड असेल तर दोराचे दुसरे टोक आधी त्याला बांधायचे. आपणच पडलो तर? एकाच जागी भिंत खरवडत राहून दम घालवू नये. उताणे होऊन, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवून तरंगत राहावे, हाका माराव्यात आणि पुढे पायऱ्या, शिडी किंवा साखळी आली की ती धरावी.

अल्बुकर्कीच्या नाल्यांचा धडाही हाच आहे. तेथे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दूर डोंगरात पाऊस पडतो आणि शहरात ऊन असतानाही कोरड्या नाल्यातून लोंढा येतो. मुले जिथे खेळतात तीच भिंत काही मिनिटांत त्यांना बाहेर पडू देईनाशी होते. म्हणून तेथील शाळांतून 'नाले जीवघेणे आहेत, लांब राहा' अशा अर्थाची मोहीम वर्षानुवर्षे चालवली जाते. मुलांना उतार हवाच असेल, तर त्यासाठी पाण्याशी संबंध नसलेली मैदाने बांधणे हा त्यावरचा उपाय आहे. जनवारच्या मैदानानेही तेच दाखवून दिले. तुम्हांला कधी फळी मिळालीच तर शाळेच्या कोरड्या, सपाट सिमेंटच्या पटांगणावर, डोक्याला शिरस्त्राण, हाताला व गुडघ्यांना कवच बांधून सुरुवात करा. कालवा आणि घाटरस्ता ही खेळण्याची ठिकाणे नव्हेत.

आता तुमच्यासाठी काम. वर सांगितलेला फळीचा प्रयोग ओल्या फळीवर करा आणि वस्तू म्हणून तुमच्या रोजच्या चपलेचा तळवा घ्या. आलेला आकडा ०.६७ पेक्षा जास्त आहे की कमी? मग झिजलेल्या जुन्या चपलेने तोच प्रयोग करा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा आणि घरी सर्वांना दाखवा. कालव्याच्या कडेने रोज शेतावर जाणारे कोणी घरात असेल, तर त्यांना सर्वांत आधी दाखवा.